बाबांचं काळीज आणि काठोकाठ भरलेला कप

कागदावर मी ड्रायव्हर आहे. इथे आखातात राहायचा जो परवाना असतो, त्याला आम्ही इकामा म्हणतो, त्यावर तसंच छापलंय. पण गाडी चालवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात सोपं काम. बाकीचं काम काय ते सांगायला बसलं की पंचाईत होते. सकाळी माझ्या मालकांना, म्हणजे बाबांना, गोळी द्यायची. दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर बघायचं. ऊन चढायच्या आत त्यांच्याबरोबर चालायचं. जेवणातल्या मिठावर नजर ठेवायची, खिशात लपवलेली सिगारेट गोड बोलून काढून घ्यायची. आणि दिवसातून एकदा त्यांच्या शेजारी काहीही न करता गप्प बसायचं.

या शेवटच्या कामावरून इथल्या फरवानिया भागात राहणारा माझा गाववाला बाबल मला फार पिडतो. शुक्रवारी त्याच्या खोलीवर गेलो की सगळ्यांसमोर विचारतो, "काय रे, डोळे मिटान बसतंस, तेचोव पगार गावता काय तुका?"

गावतो. खरंच गावतो. मलाच अजून पटत नाही.

या अंकासाठी लिहा, असं बाबांच्या दवाखान्यातल्या वैशाली सिस्टर म्हणाल्या तेव्हा मला घाम फुटला. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मला बँकेचा मेसेज आला तरी धडधडतं. गावाहून अवेळी फोन वाजला की उचलण्याआधी मी खाली बसून घेतो. पण सिस्टर म्हणाल्या, "दादा, तुम्ही बोलता तसंच लिहा ना. काहून घाबरता एवढं?" मग मी बाबांना विचारलं, कारण गोष्ट त्यांचीच आहे. ते म्हणाले, "लिही. फक्त माझं नाव बदल, आणि बदलतोच आहेस तर जरा तरुण माणसाचं ठेव." मला तसं नाव सुचलं नाही, म्हणून मी त्यांना नुसतं बाबाच म्हणतो. तसेही इथे घरकामाची माणसं घरमालकाला बाबाच म्हणतात. ते मला 'वलद' म्हणतात, म्हणजे पोरा. हा पोरगा आता पन्नाशीला टेकलाय. आमची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी अरबी, आणि मी घाबरलो की थोडी मालवणी. इथे सगळं मराठीत करून लिहितोय.

कामावर आलो त्या पहिल्या दिवशी बाबांनी मला समोर बसवलं होतं. सत्तरीचा माणूस, पांढरा झगा, दाढी नीट कातरलेली. म्हणाले, "माझ्या रक्तात एचआयव्ही आहे. बरीच वर्षं आहे. भीती वाटत असेल तर दार उघडं आहे, मी रागावणार नाही."

मला भीती वाटली. मला कशाची वाटत नाही? आम्हा बाहेरच्यांची इथे रक्ततपासणी होते. आमच्या रक्तात तो सापडला तर इकामा मिळत नाही, गावी परत पाठवणी होते. त्यामुळे त्या तीन अक्षरांची दहशत आमच्या खोल्यांमधून फार. पण मी उठलो नाही, कारण अम्गरा नावाच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये इतकी वर्षं ग्रीस पुसल्यावर मला कुणीतरी समोर बसवून, विचारून कामाला ठेवत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो, तिथे वैशाली सिस्टर भेटल्या. अमरावतीच्या. माझं नाव वाचून मराठीतच बोलल्या. मी हळूच विचारलं, "ताई, त्यांचा कप, टॉवेल...?"

"कपाने होत नाही. टॉवेलने नाही, हाताने नाही, शेजारी बसून जेवल्याने नाही," त्या म्हणाल्या. "आणि बाबा नेमाने गोळी घेतात, म्हणून तो विषाणू इतका दबलाय की तपासणीत सापडत पण नाही. तुम्ही त्याची काळजी करू नका. त्यांच्या हृदयाची करा."

हे मला नंतर हळूहळू समजलं. पूर्वी या आजाराची माणसं म्हातारी होतच नसत. आता गोळ्यांमुळे होतात, ही केवढी मोठी गोष्ट. पण विषाणू दबला तरी अंगात बारीक धग राहते म्हणे, चुलीत निखारा राहतो तशी. ती रक्तवाहिन्यांना त्रास देते. म्हणून अशा माणसाने प्रेशर, चरबी, सिगारेट, चालणं हे इतरांपेक्षा जास्त सांभाळायचं. बाबांनी ते सांभाळलं नव्हतं. मी यायच्या आधीच त्यांना झटका येऊन गेला होता आणि छातीत जाळी बसवली होती.

जाळीने रक्ताची वाट मोकळी झाली, पण भीती आत राहिली. त्यात मुलीने प्रेमाने एक घड्याळ आणून दिलं, नाडीचे आकडे दाखवणारं. झालं. बाबा दिवसभर मनगटाकडे बघत बसायचे. आकडा जरा वर गेला की घाबरायचे, घाबरले की आकडा आणखी वर जायचा, मग म्हणायचे, "वलद, आलं. आलं ते." मग मीही त्या घड्याळाकडे बघायचो आणि माझीही छाती उडायला लागायची. अँब्युलन्स यायची. ती माणसं तारा लावायची, ईसीजीची पट्टी काढायची, हृदय ठीक आहे म्हणायची आणि जाताना मला विचारायची, "तू ठीक आहेस ना?"

शेवटी डॉक्टरांनी बाबांना सिस्टरांच्या बैठकीत पाठवलं. दवाखान्यातल्या एका खोलीत काही वयस्क माणसं खुर्च्यांवर बसायची. त्याला माइंडफुलनेस म्हणतात. मी त्याला लक्ष देऊन बसणं म्हणतो. मला बाहेर थांबायचं होतं, पण बाबांनी हात सोडला नाही.

"मी पाच वेळा नमाज पढतो," बाबा सिस्टरांना म्हणाले. "आणखी कशाला बसू?"

"नमाजात तुम्ही काय करता, बाबा?"

"अल्लाहशी बोलतो."

"ते सुरूच राहू द्या. इथे कुणाशी बोलायचं नाही. छातीत काय चाललंय ते नुसतं ऐकायचं."

"छाती मला घाबरवते."

"म्हणूनच ऐकायचं. ती काय म्हणते ते पुरतं ऐकायच्या आधीच तुम्ही पळता."

आधी सिस्टरांनी घड्याळ काढून माझ्या खिशात ठेवायला लावलं. मग मला बाजूला घेऊन मराठीत दम दिला, "दादा, हे बसणं औषधाच्या जागी नाही हं. गोळ्या एकही चुकायची नाही. आणि छाती आवळली, घाम फुटला, हातात नाहीतर जबड्यात कळ गेली, दम लागला, तर श्वास बघत बसायचं नाही. सरळ अँब्युलन्स. खोटी निघाली तर निघू दे." मी ते बोटांवर पाठ केलं. आजही करतो, रोज झोपताना.

घरी बसून बाबांना जमेना. भिंती अंगावर येतात म्हणायचे. म्हणून आम्ही दुपार कलल्यावर गाडी काढून समुद्रावर जाऊ लागलो. दक्षिणेकडे, जिथे धुळकट उजेडात शुऐबाच्या तेल कारखान्याच्या चिमण्यांच्या ज्वाळा दिसतात. मी या देशात पहिल्यांदा आलो तो त्याच चिमण्यांपाशी, परांचीवर चढायला. तेव्हा वरून समुद्र दिसायचा, पण बघायला फुरसत नव्हती. आता काचा खाली करून आम्ही दोघं नुसते बसायचो. इथला समुद्र आमच्या समुद्रासारखा आवाज करत नाही. तो तव्यावर सोडलेल्या तुपासारखा हळूच पसरतो आणि तसाच मागे जातो. आभाळ आणि पाणी एकाच रंगाचं होतं, मधली रेघ पुसून जाते, आणि एखादी बोट मग हवेत टांगल्यासारखी उभी दिसते. श्वास आत, श्वास बाहेर. थोड्या वेळाने मला कळेनासं व्हायचं की श्वास माझा आहे की शेजारच्या सीटवरच्या बाबांचा. मी खाडीवर असायचो. बाप होडी वल्हवतोय, आई काठावर पदर डोक्यावर घेऊन उभी आहे, ओहोटीचा वास येतोय, आणि मी सातवीच्या पुढे कधी गेलोच नाही याचं कुणालाच काही वाटत नाहीये. सिस्टर सांगतात, मन असं भटकलं की रागवायचं नाही, हात धरून परत आणायचं. मी परत यायचो. पण जरा उशिरा.

हात रिकामे राहिले की बाबा मनगट चाचपायचे. म्हणून सिस्टरांनी सांगितलं, हातात काहीतरी धरा, रोजचं. त्यांनी कॉफीचा कप धरला. इथला कॉफीचा कप म्हणजे बिनकानाची चिनीमातीची एवढीशी वाटी. तिच्यात वेलची-केशराची पिवळसर कॉफी देतात. ती ओतणं ही मोठी रीत आहे, आणि ती मला शिकायची होती. चोच असलेलं भांडं डाव्या हातात, कप उजव्यात. आपल्याकडे डाव्या हाताने पाहुण्याला काही ओतलं तर आई टपली मारील, म्हणून मी उजव्याने ओतायचो, भांडं खाली ठेवायचो आणि मग त्याच उजव्या हाताने कप द्यायचो. बाबा म्हणायचे, "तू ओतेस्तोवर पाहुणा म्हातारा होईल." मग मी समुद्रावर पाणी घेऊन डाव्या हाताचा सराव केला. पाहुणा कप परत करताना मनगटातून हलवतो, म्हणजे पुरे. नाही हलवला तर पुन्हा ओतायची, कितीदाही. आणि तोपर्यंत ओतणाऱ्याने हलायचं नाही. एका हातात मोजकेच कप असतात. एकाने पिऊन दिलेल्यातच पुढच्याला ओततात. पन्नास माणसं बसली तरी कप तेवढेच.

हे शेवटचं सांगताना बाबा थांबले. मग डोळे मिटूनच त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

त्यांचा एकच भाऊ, त्यांच्याहून मोठा. मी त्यांना मोठे बाबा म्हणतो. त्यांच्या घरी पुढच्या अंगाला दिवाणिया आहे, म्हणजे पुरुषांची बैठकीची खोली. संध्याकाळी भाऊबंद, शेजारी, मित्र भिंतीला लागून बसतात, गप्पा मारतात. इथल्या माणसाला ती खोली म्हणजे निम्मं आयुष्य. आजार कळला तेव्हा बाबांनी तो फक्त भावाला सांगितला. पुढच्या संध्याकाळी ते नेहमीसारखे जाऊन बसले. ओतणारा ओळीने येत होता. बाबांपाशी आला आणि त्याने चिनीमातीचा कप दिला नाही. त्यांच्यापुढे कागदी कप ठेवला. बाकी सगळ्यांना तेच कप, यांना एकट्याला कागदी. मोठ्या बाबांनी नजर दुसरीकडे वळवली.

"मी प्यालो," बाबा म्हणाले. "कागदी कप हलवून काय परत देणार? चुरगळून खिशात टाकला आणि उठलो. परत गेलो नाही."

समुद्र मागे सरला होता. ते म्हणाले, "बापाच्या लाकडी बोटीवर पाण्याच्या पिंपाला दोरीने बांधलेला एकच पत्र्याचा मग होता. आधी भाऊ प्यायचा, राहिलेलं मला द्यायचा. कधी कधी मुद्दाम जास्त ठेवायचा." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "वलद, मला मरायची भीती वाटते ती एवढ्याचसाठी. त्याच्या शेजारी एकदा बसायचंय. त्या आधी हे काळीज थांबायला नको."

त्या दिवसापासून मी गाडी चालवताना त्यांच्याच श्वासाकडे लक्ष ठेवून असायचो. सिग्नलला मागचा हॉर्न वाजवायचा तेव्हा भानावर यायचो.

आणि एक दिवस मोठे बाबा आपणहून आले.

काठी टेकत, एकटे, दुपारच्या नमाजानंतर. बाबांच्या घरची दिवाणिया कित्येक वर्षं बंद होती. मी धावत जाऊन तिचं दार उघडलं, एसी लावला, उशा झटकल्या. दोघे भाऊ बसले. "कसा आहेस?" "अल्लाहची कृपा. तू?" "गुडघे." एवढंच बोलून पुन्हा गप्प. पण त्या गप्प बसण्यात काहीतरी सैल होत होतं, दारातून मला दिसत होतं. मी आत पळालो. कॉफी तयार होतीच. माझ्या मनात एकच, की हा माणूस इतक्या वर्षांनी आलाय, त्याचा मान राहिला पाहिजे.

आता माझी समजूत काय होती ती सांगतो. बाबांना मी रोज कपाच्या तळाशी थोडीशीच कॉफी ओतायचो. मला वाटायचं, ते हृदयाचं पथ्य. डॉक्टरांनी कॉफी बेताने घ्यायला सांगितलं होतं, तर थोडी ओतायची ती पेशंटला. पाहुणा धडधाकट, त्याला थोडी कशाला? आमच्या घरी पाहुण्यापुढे अर्धा कप चहा नेला तर आई दारातूनच परत पाठवायची, "भिकाऱ्याक देतंस काय?" म्हणून मी भांडं डाव्या हातात धरून, न थरथरता, अगदी सफाईने मोठ्या बाबांचा कप काठोकाठ भरला. वर आणखी एक थेंब मावणार नाही इतका. आणि मान लववून दिला.

मोठ्या बाबांनी कपाकडे बघितलं. मग भावाकडे बघितलं. बाबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला, पण कप हातात गेला होता. मोठ्या बाबांनी ती गरम कॉफी एका दमात संपवली, कप हलवून माझ्या हातात दिला आणि काठी शोधली. "अल्लाह तुला बरं करो," म्हणाले आणि निघून गेले. बाबा उठतायत तोवर बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी भांडं घेऊन तसाच उभा. "बाबा, काय झालं?"

"काठोकाठ भरलेला कप," बाबा म्हणाले, "म्हणजे पी आणि चालता हो."

मी भांडं खाली ठेवलं आणि जमिनीवरच बसलो. मी म्हटलं, आमच्याकडे भरलेला कप म्हणजे या, बसा, जाऊ नका. म्हटलं, माझी आई... बाबा माझ्याकडे बघत राहिले. छातीवर हात होता. मी बोटांवर मोजायला लागलो, घाम? कळ? दम? तेवढ्यात त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आलं. पण ते हसत होते. हसता हसता डोळे पुसत होते.

"त्याने कागदी कप दिला," ते म्हणाले, "आणि मी इतक्या वर्षांनी त्याला उत्तर दिलं. आणि उत्तर दिलं कुणी, तर तुझ्या आईने!"

हसणं थांबल्यावर मात्र ते फार थकले. मी फोन हातात दिला, म्हटलं, सांगा त्यांना, नोकराची चूक झाली. त्यांनी फोन बाजूला ठेवला. "कपाचं उत्तर फोनवर देत नाहीत. तिथे जाऊन बसावं लागेल."

तिथे, म्हणजे त्याच खोलीत, त्याच भिंतीला लागून.

पहिल्यांदा गेलो तेव्हा भावाच्या घरासमोर गाडी लावली आणि बाबांची छाती आवळली. फाटकापाशी चपलांचा ढीग दिसत होता, आतून हसण्याचे आवाज येत होते. मी एकेक विचारत गेलो. घाम नाही. हात ठीक. जबडा ठीक. दम लागत नव्हता. भीतीच होती. आम्ही गाडीतच बसलो, त्यांनी खिशातला कप हातात धरला, श्वास बघितला. आवळणं हळूहळू सुटलं. पण उतरायचं बळ आलं नाही. "घरी चल," म्हणाले. मी गाडी वळवली. येताना रस्ता पिवळ्या धुळीत बुडालेला, दिवे लिंबांसारखे लोंबत होते, आणि आम्ही दोघे पाण्याखालून चालल्यासारखे घरी आलो.

सिस्टरांना सांगितलं. मला वाटलं, त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "बाबा, भीती गेल्यावर जाऊ, असं ठरवलंय का तुम्ही?"

"हो."

"मग नाही जाणार तुम्ही कधीच. भीती येते तर येऊ द्या ना बरोबर. गाडीत जागा आहे." मग माझ्याकडे वळून मराठीत, "आणि दादा, तुमचीपण घेऊन जा. दोन्ही मागच्या सीटवर बसवा."

डॉक्टरांनी तपासून, चालून-फिरून यायला हरकत नाही म्हटलं, आणि आम्ही पुन्हा गेलो. संध्याकाळची वेळ. बाबांनी मनगटावरचं घड्याळ स्वतः काढलं आणि डॅशबोर्डच्या खणात टाकलं. ते उतरले. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेलो आणि चपलांपाशी थांबलो, कारण ड्रायव्हरची जागा तिथपर्यंतच.

ते आत शिरले तसा आवाज बंद झाला. सगळे उठून उभे राहिले. मोठे बाबाही उठले, काठीशिवाय. सलाम झाला, पण कोरडा. बाबांना भावाच्या उजव्या हाताला जागा मिळाली. तिथला ओतणारा आला. त्याच्या एका हातात भांडं, दुसऱ्यात कप, आणि बाजूच्या टेबलावर कागदी कपांची चळत. तो मालकाकडे बघत अडखळला. त्या एवढ्याशा अडखळण्यात सगळी खोली अडकून पडली.

"थांब," मोठे बाबा म्हणाले. भावाकडे बघत नव्हते. "याचा माणूस बाहेर असेल. त्याला बोलवा. त्याला ओतायला फार आवडतं."

कुणीतरी हसलं. मला हाक आली. मी पाय पुसून आत गेलो. भांडं माझ्या डाव्या हातात दिलं गेलं. ते जड होतं.

तेव्हा बाबा बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हा माझा माणूस. हा हिंदच्या समुद्रकाठचा. याच्याकडे पाहुण्याचा कप काठापर्यंत भरला नाही तर आई पोराला मारते. माझ्या भावाला याने याच्या आईचा मान दिला. मी त्याला जा म्हटलं नव्हतं. मी कधीच म्हटलं नाही."

मी बाबांच्या कपात ओतली, तळाशी, रीतीप्रमाणे. त्यांनी कप हातात घेतला आणि डोळे मिटले. मला माहीत होतं ते काय करतायत. बाकी कुणाला माहीत नव्हतं. सगळे बघत होते, आणि मी कमरेत वाकून उभा होतो, कारण कप हलल्याशिवाय ओतणाऱ्याने हलायचं नसतं. त्यांचा श्वास आत गेला, बाहेर आला. माझाही गेला. खोलीतला एसी समुद्रासारखा पसरत होता आणि मागे जात होता. भिंतीला लागून बसलेली सगळी माणसं मला एका लांब बोटीत बसल्यासारखी दिसायला लागली. मग बाबांनी डोळे उघडले, कॉफी प्याली, आणि कप हलवून माझ्या हातात दिला.

आता तो कप माझ्या हातात. त्याच्याखाली दुसरे कोरे कप होते. पुढचा माणूस मोठे बाबा. कोरा काढू की हाच, मला ठरवता येईना. हातातले कप एकमेकांवर वाजले.

मोठ्या बाबांनी हात पुढे केला. "तोच," ते म्हणाले.

मी तळाशी ओतली आणि दिला. त्यांनी तो परत माझ्यापुढे धरला. "एवढीच? तुझी आई काय म्हणेल?"

मी ओतत गेलो. काठ आला. आणखी एक थेंब, आणि कॉफी काठावर फुगून थांबली.

बाबा म्हणाले, "बघ, तो तुला जा म्हणतोय."

"माझंच घर आहे," मोठे बाबा म्हणाले. "मी जाणार कुठे?"

आणि त्यांनी तो कप, न सांडता, सावकाश थोडासा प्याला. मग तसाच बाजूला सरकवून भावाच्या हातात दिला. बाबांनी त्यात बघितलं. निम्म्याहून बरीच जास्त ठेवली होती.

पथ्य मला आठवलं. पण मी भांडं घेऊन तसाच वाकून राहिलो. बाबांनी ती संपवली आणि रिकामा कप माझ्यापुढे धरला. हलवला नाही.